पोच कुठाय?

निवेदन देऊन आलो, असं कुणी कार्यकर्ता सांगायला लागला की त्याला पहिला सवाल हाच करायचा : पोच कुठाय? आवक क्रमांक किती पडला? कुणी घेतलं, कोणत्या तारखेला, आणि उत्तर कधीपर्यंत मागितलंय? बहुतेक जण गप्प होतात. मग सांगतात, साहेबांनी स्वतःच्या हातानं घेतलं, चहा पाजला, 'बघतो' म्हणाले. आणि मोबाईल पुढं करतात. हा बघा फोटो.

फोटोत सात जण उभे. गळ्यात निळं उपरणं. मध्ये साहेब. सगळ्यांचे हात एका कागदाला लागलेले, जसा काही तो कागद उचलायला सात माणसं लागतात. त्या कागदाचं पुढं काय होतं ते फोटोत येत नाही. तो साहेबाच्या टेबलावरून शिपायाच्या हातात जातो, तिथून खालच्या गठ्ठ्यात, आणि बारनिशीत त्याची नोंदच नसल्यामुळं सरकारच्या दृष्टीनं तो कागद जन्मालाच आलेला नसतो. तुम्ही मात्र वस्तीवर येऊन सांगता, निवेदन दिलंय, काम होणार. वस्ती विश्वास ठेवते. दुसऱ्या वेळी कमी ठेवते. तिसऱ्या वेळी एखादी म्हातारी विचारते, काय रे बाबा, तुझं काम झालं का? तुझं! आपलं नाही म्हणत ती. तिला कळलेलं असतं.

आता त्या कागदाखालच्या सह्या वाचा. शहराध्यक्ष, जिल्हा संपर्कप्रमुख, युवा आघाडी सरचिटणीस. पाण्यासाठी निवेदन आणि पाणी भरणाऱ्या एकाही बाईचा अंगठा त्याच्यावर नाही. मजकूर काय? 'सेवेशी', 'साहेबांनी कृपावंत होऊन', 'ही नम्र विनंती'. अरे, जोहार घालायचं आपल्या आज्यानं सोडलं, आणि नातू मात्र टाईप करून घालतोय. संविधानाचं ३५० वं कलम सांगतं की कुणाही माणसाला आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन सरकारच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं, राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. हक्क आहे तो. हक्कात कृपा कुठून आली?

दुसरीकडं आपलीच काही पोरं आहेत. दोन पुस्तकं वाचलेली, आवाज मोठा. त्यांच्या लेखी निवेदन म्हणजे भीक आणि मतदान म्हणजे नाटक. सगळी व्यवस्थाच उलथली पाहिजे म्हणतात. उलथा ना. पण मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत झोपून आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर 'सगळे सारखेच' म्हणून ती उलथत नाही. पहिला गट कचेरीला त्रास देत नाही, दुसरा गट मतपेटीला त्रास देत नाही. सरकारला आणखी काय पाहिजे?

आमचं म्हणणं असं की अर्ज आणि मत ही दोन वेगळी कामं नाहीतच. अर्ज ही मागणीची नोंद आणि मत ही तिची वसुली. ही दोन्ही कामं एका वहीत, एका हातानं झाली नाहीत तर काय होतं, हे आपल्याच इतिहासात पानोपानी लिहून ठेवलंय. बाबासाहेबांच्या जयंतीला डी.जे. लावणाऱ्यांनी तेवढं एकदा वाचावं.

सुरुवात बाबासाहेबांच्याही आधीपासून करू. लष्करात महारांची भरती बंद झाली तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भला मोठा विनंतीअर्ज तयार केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळ्यांनी सासवडला एक्कावन्न गावचे महार गोळा केले आणि सरकारकडं अर्ज केला. १९१० साली त्यांनी थेट विलायतेला भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला : पोलिसात घ्या, पलटणीत घ्या, सरकारी नोकरीची खालची तरी दारं उघडा. त्या माणसांना हसू नका. त्यांच्या अर्जातली भाषा वाकलेली असेल, पण त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. मत नव्हतं. वाकून का होईना, लिहिलं तर त्यांनीच. आणि भरती उघडली कधी? १९१७ साली. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसं कमी पडायला लागली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर तीही मोडली. अर्ज तोच होता. सरकारची गरज होती तोवर तो खरा ठरला, गरज सरल्यावर खोटा. सरकारला आपली गरज कायमची कशी लावायची, हा तिथला प्रश्न होता.

बाबासाहेबांनी तो बरोबर ओळखला. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढं साक्ष द्यायला ते गेले तेव्हा वय सत्तावीस. तुमच्यातल्या कित्येकांएवढंच. त्यांनी तिथं विहीर मागितली नाही, शाळा मागितली नाही, नोकरी मागितली नाही. मताचा हक्क आणि आपली माणसं निवडून पाठवायचा हक्क मागितला. मत आलं की विहिरीसाठी भांडता येतं. विहीर मिळाली म्हणून मत मिळत नाही. पुढं १९२८ साली सायमन कमिशनसमोर त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा भलेभले सुधारक अडाण्यांना मत कशाला म्हणून नाकं मुरडत होते.

आता महाड. महाडवर आपण गाणी गातो, पण महाडचे कागद वाचत नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं त्याबरहुकूम आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तीन वर्षं त्या कागदानं कुणाची तहान भागली? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपली माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले तेव्हा त्या कागदाला पाणी लागलं. ते काही बेकायदा करायला गेले नव्हते. सरकारच्या ठरावाची अंमलबजावणी करायला गेले होते, आणि डोकी फुटली ती कायदा पाळणाऱ्यांची.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. त्याच वर्षी, ऑगस्ट १९२७ मध्ये, महाडच्या नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव फिरवला. कुणी फिरवला? निवडून आलेल्या सभासदांनी. त्यांना निवडून देणारे कोण? घरपट्टी, मिळकत, उत्पन्न असणारे, कारण त्या काळी मत मिळकतीला होतं, माणसाला नव्हतं. त्या सभासदांना महारवाड्याची भीती वाटायचं कारणच काय! एक हात वर करून त्यांनी आपलं तळं परत घेतलं. मग दिवाणी दावा, मनाई हुकूम, आणि हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७ ला. दहा वर्षं. एक ठराव आपल्या मताशिवाय झाला होता, म्हणून आपल्याला न विचारता मोडला गेला. अर्ज आणि मत वेगळं केलं की काय होतं त्याचा हा घ्या दाखला, आणि तो चवदार तळ्याचाच आहे.

पुणे कराराबद्दल आपल्याकडं फार बोललं जातं, पण नेमकं गेलं काय ते थोडेच सांगतात. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात आपल्याला ७१ स्वतंत्र जागा होत्या, आणि मतं दोन होती. एक आपल्या माणसाला. दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात, म्हणजे सवर्ण उमेदवाराच्या भवितव्यावर. त्या दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला महारवाड्याची पायरी चढावीच लागली असती. २४ सप्टेंबरच्या करारात ७१ च्या १४८ जागा झाल्या. आकडा दुप्पट. पण दुसरं मत गेलं, आणि आपला प्रतिनिधी निवडायचा अखेरचा शब्द इतरांच्या हातात गेला. पुढं १९४५ साली लिहिताना बाबासाहेबांनी ह्या दुहेरी मताला जागांच्या आकड्यापेक्षा किती मोठं मानलं ते तुम्हीच वाचा.

त्याचं फळ आज समोर आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना राखीव आहेत, लोकसभेत ४८ पैकी ५. हे २९ जण आपले आहेत असं समजून निवेदनाची गाडी आपण त्यांच्याच बंगल्यावर नेतो. त्यांची तिकिटं कोण देतं? त्यांना निवडून आणणारी बहुसंख्य मतं कुणाची? राखीव आमदार अत्याचाराच्या वेळी गप्प का बसतो म्हणून शिव्या घालणं सोपं आहे, आणि काहींना त्या घातल्याच पाहिजेत. पण तो गप्प बसतो तो हिशेब करून बसतो. आणि आपण मात्र उरलेल्या २५९ जागांकडं बघतही नाही. तिथं निवडणुका कधी कधी काही शे, काही हजार मतांनी फिरतात, आणि तिथल्या आमदाराला आपल्या वस्तीचं नावही पाठ नसतं. त्याला पाठ करायला लावणं हे काम आहे. ते गेलेलं दुसरं मत असं थोडं थोडं परत वसूल करता येतं.

मत नुसतं असून भागत नाही, त्याचे नियमही कळावे लागतात. १९३७ साली मुंबई इलाख्यात मतदाराला आपल्याकडची सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती. ती तशी असावी म्हणून बाबासाहेब भांडले होते, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. १९५२ साली नियम बदलला होता. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मतं दोन, पण दोन्ही एकाला देता येत नव्हती. संविधान लिहिणारा माणूस त्या निवडणुकीत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी पडला, आणि त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मतं बाद झाली. बाबासाहेब रडत बसले नाहीत. अशोक मेहतांबरोबर त्यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. फेटाळला गेला, पण दाखल केला. आज निकालानंतर 'मशीनमध्ये घोळ झाला' म्हणून चौकात ओरडणाऱ्यांना विचारा, हायकोर्टात निवडणूक याचिका पंचेचाळीस दिवसांत करावी लागते हे माहीत आहे का? बूथवर आपला पोलिंग एजंट बसला होता का? त्यानं झालेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत घेतली का? तिथंही पोच कुठाय, हाच सवाल.

आता दादासाहेब गायकवाडांकडं या. कारण अर्ज कसा करावा हे शिकायचं असेल तर १९६४ पाहा. रिपब्लिकन पक्षानं दिल्लीत संसदेवर मोर्चा नेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हातात मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, कसेल त्याची जमीन करा, धर्मांतर केलेल्या बौद्धांच्या सवलती चालू ठेवा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. मोजक्या मागण्या, आणि त्यांना मुदत. मुदतीत उत्तर आलं नाही म्हणून ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह. माणसं लाखाच्या घरात तुरुंगात गेली. बायका कडेवरची पोरं घेऊन गेल्या. तुरुंग पुरले नाहीत. त्या निवेदनाखाली सात पदाधिकाऱ्यांच्या सह्या नव्हत्या, एका समाजाची हजेरी होती.

पण मग १९६७ आलं आणि त्या हजेरीची वसुली करायच्या ऐवजी पुढाऱ्यांनी काँग्रेसशी समझोता केला. सनदेतल्या मागण्यांच्या बदल्यात काय पदरात पडलं? एखादं सभापतीपद, एखादी कमिटी, एखादी जागा. नंतर पक्षाचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा आपापली मतं घेऊन बाजारात बसला. तैलचित्र लागलं १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या १९९० साली. सव्वीस वर्षं! जमिनीचं तर अजून विचारूच नका. मागणी खरी होती, त्याग खरा होता, फक्त वसुलीच्या दिवशी वही दुसऱ्याच्या घरी होती.

ह्याच कुजण्यातून पँथर निघाली. १९७० च्या सुमाराला इळयापेरुमाळ समितीचा अहवाल संसदेपुढं आला. देशभरच्या अत्याचारांची यादीच ती. सरकारनंच नेमलेली समिती, सरकारनंच छापलेला अहवाल, आणि सरकारच त्याच्यावर बसलेलं. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली सभा उधळली गेली, दंगल झाली, १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ही बातमी दिल्लीनं वाचली. 'सगळे सारखेच' म्हणून झोपणाऱ्या पोरांनी हा बहिष्कार आपल्या बाजूचा समजू नये. तो जाहीर होता. त्याला कारण होतं, मागणी होती, चाळीचाळीतून प्रचार होता, आणि गैरहजर मतांचा हिशेब कोणत्या उमेदवाराच्या खात्यातून वजा होणार हे आधीच ठरलेलं होतं. झोपून राहिलेल्या माणसाला कुणी मोजत नाही. नोटाचंही तेच. विधानसभेला नि लोकसभेला नोटाला कितीही मतं पडू द्या, उमेदवारांत ज्याला जास्त तोच निवडून येतो.

आणि सभागृहाचा ठराव झाला म्हणजे काम झालं असं ज्याला वाटतं त्यानं नामांतर आठवावं. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळायला लागल्या. पोचीराम कांबळे गेला. १९७९ ला लाँगमार्च निघाला. १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामविस्तार करून. एकमतानं झालेल्या ठरावाला अंमलात यायला सोळा वर्षं लागतात, कारण ठरावाला हात वर करताना आमदाराला काही पडत नाही. अंमलबजावणी करताना गावातल्या मतांची किंमत पडते. त्या तराजूत दुसऱ्या पारड्यात आपली मतं एकगठ्ठा कधी पडली? पाच गटांत पाच ठिकाणी पडली.

उलटं उदाहरणही जवळचंच आहे. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्यातली अटक आणि गुन्ह्याची नोंद अडवणारे निर्देश दिले. २ एप्रिलला भारत बंद झाला, कुणा एका नेत्याच्या हाकेवर नव्हे. माणसं मेली. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यात १८-अ कलम घातलं, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टानंही ते निर्देश मागं घेतले. पाच महिन्यांत कायदा! सरकार एका रात्रीत न्यायी झालं होतं का? सरकार मतं मोजत होतं.

तेव्हा इथून पुढं काय करायचं ते बोलू. गायरानाचंच घ्या, कारण मराठवाड्यात ह्या एका शब्दावर अजून रक्त सांडतं. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे : १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत असलेल्या दलित-आदिवासी भूमिहीनांचं अतिक्रमण नियमित करायचं. एकनाथ आवाडांसारख्यांनी बीडकडं आयुष्य घातलं त्यात. आता 'आमच्या जमिनी आमच्या नावावर करा' एवढं लिहून फोटो काढला तर काही होणार नाही. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिची नक्कल काढा. अतिक्रमण केलं म्हणून तलाठ्यानं ज्या दंडाच्या पावत्या फाडल्या त्या बायकांच्या पेट्यांतून शोधा. ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार ठरवलं तीच पावती सांगते की आपण तिथं त्या साली कसत होतो. हे पुरावे जोडा. निवेदनात गट नंबर, शासन निर्णयाची तारीख, कोणी निर्णय घ्यायचा त्या अधिकाऱ्याचं पद, आणि किती दिवसांत उत्तर हवं, एवढं. कसणाऱ्या प्रत्येकाची आणि प्रत्येकीची सही किंवा अंगठा. दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच दिल्याशिवाय हलायचं नाही. कारकून 'साहेब नाहीत' म्हणेल. साहेब नसले तरी शिक्का असतो.

तीस दिवस गेले की दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज : आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, तो कोणाच्या टेबलावर किती दिवस होता, टिपणीच्या नकला द्या. २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो की कर्मचाऱ्यानं फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये. ते कलम लिहा अर्जात. मग बघा 'कृपावंत' कोण होतं ते. ग्रामसभेत विषय पत्रिकेवर घ्यायला लावा आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. तोंडी चर्चा झाली म्हणजे काहीच झालं नाही. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, अनुसूचित जाती कल्याण समिती आहे, तारांकित प्रश्न आहे. जिल्ह्यात अत्याचार प्रतिबंधाची दक्षता समिती आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे. तुमच्या जिल्ह्यात गेल्या बैठकीची तारीख कोणती? कुणाला ठाऊक नसेल तर उद्याच्या मोर्चाआधी ती मागवा.

आणि ह्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला मतदार यादी. घर, माणसं, अठरा पूर्ण झालेली पोरं-पोरी, लग्न होऊन आलेल्या सुना, मेलेले, गाव सोडलेले. नाव घालायला नमुना ६, कुणाच्या नावावर हरकत आली तर तो नमुना ७, दुरुस्तीला नमुना ८. वस्तीची नावं यादीतून उडालीत हे मतदानाच्या दिवशी कळत असेल तर शाखेचा बोर्ड उतरवून ठेवा. तुमच्या नावावर दुसराच मत टाकून गेला तर परत फिरू नका, प्रदत्त मतपत्रिका मागा, ती मिळते. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात त्याच दिवसांत. ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला गेलेल्या त्या मतांना परत आणायची गाडी उमेदवारानं पाठवली तर तो पाठवेल त्याच बटणाची भाषा बोलेल. ती गाडी आपल्या वर्गणीची पाहिजे. अवघड आहे. जयंतीच्या वर्गणीइतकं अवघड मात्र नाही.

आदल्या रात्रीच्या पाकिटाबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्याला आता तत्त्वज्ञान चिकटलंय. 'पैसे आपलेच आहेत, घ्यायचे, मत आपल्याला पाहिजे तिकडं टाकायचं.' मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईनं हे म्हटलं तर तिच्याशी आम्ही वाद घालणार नाही. तो वस्तीच्या नावावर वीस पाकिटं घेऊन बारा वाटणाऱ्या दलालाशी आहे. त्याला कळत नाही असं नाही, चांगलं कळतं. पाकीट देणारा निवडून आल्यावर म्हणतो, ह्या वस्तीचा हिशेब मिटलाय. मग तुमचं निवेदन घेऊन गेलात की तो साहेबाला फोनवर तेच सांगतो. पाचशे रुपयांत पाच वर्षांची पोच फाटलेली असते.

कुणी म्हणेल, हे सगळं फार कायदेशीर झालं, आंदोलन कुठं आहे ह्यात? आणि कुणी संपादक म्हणेल, बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की सनदशीर मार्ग असताना रस्त्यावर कशाला. प्रत्येक मोर्चानंतर हे भाषण त्यांना आठवतं, वस्ती जळाल्यावर नाही आठवत. त्या भाषणात अट आहे : सनदशीर मार्ग उघडे असताना. तो मार्ग बंद कोण करतं? पोच न देणारा कारकून बंद करतो. बैठक न घेणारा कलेक्टर बंद करतो. यादीतून वस्ती उडवणारा बंद करतो. तो मार्ग बंद झाल्याचा पुरावा आपल्या वहीत तारीखवार असेल तर मोर्चा काढताना कुणाच्या बापाला 'अराजक' म्हणता येणार नाही. शांततेनं जमायचा हक्क त्याच संविधानात लिहिलाय. आणि वहीच नसेल तर मोर्चा हा सुद्धा मोठ्ठा फोटोच.

उमेदवार वस्तीवर येईल तेव्हा हार घालू नका, समाजमंदिरात सतरंजीवर बसवा. वही उघडा. अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा अर्ज, त्याचं पुढं काय, हे बायकांनी विचारायचं. हो म्हणाला तर लिहून घ्यायचं, तारखेनिशी. उठून गेला तर तेही लिहून घ्यायचं. चारही उमेदवारांना बसवायचं, फक्त आपल्या जातीच्या नाही. मग वस्तीची एक बैठक, आणि निर्णय काय झाला तो शेजारच्या वस्तीला कळवायचा. दोन-तीन वस्त्यांच्या वह्या जुळल्या की तालुक्याच्या आमदाराला आकडेमोड येतेच.

पुढच्या अंकाची चार पानं आम्ही ह्यासाठी रिकामी ठेवतोय. तुमच्या वस्तीनं गेल्या पाच वर्षांत दिलेली निवेदनं आमच्याकडं पाठवा : विषय, कचेरी, तारीख, आवक क्रमांक, उत्तर आलं की नाही. हातानं लिहून पाठवलं तरी चालेल. फोटो पाठवू नका. पोच नसलेलं निवेदन छापलं जाणार नाही.